संख्या आधी, मग पदवी

नर्सिंगमधील संशोधनाचा रुग्णाला काय उपयोग, या प्रश्नावर लिहितो. अमेरिकी नर्सिंग संशोधक लिंडा एकन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ९ युरोपीय देशांतील शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास केला; परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांतील मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले की ती तेवढीच घटते, असा संबंध त्यांना आढळला.

आपल्या कोकणात परिचारिकांच्या संख्येचा प्रश्न आधी सोडवावा, असे माझे ठाम मत आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात रुजवलेल्या विंचूदंशावरील प्राझोसिन या औषधाच्या उपचारात नाडी, रक्तदाब आणि हातापायांचा गारठा पुन्हापुन्हा तपासावा लागतो. रात्री एकाच सिस्टरकडे सगळा वॉर्ड असेल, तर हे कोणी करायचे? विद्यार्थिनींनाही ही देखरेख अनुभवी सिस्टरांसोबत, रुग्णाच्या खाटेजवळच शिकवली पाहिजे.