मदत हवी आहे: दादाच्या कॅसेटवर 'डी-सेव्हन' हे गाणं कुठून आलं असेल?

नमस्कार. माझा मोठा भाऊ गेल्या वर्षी गेला. त्याच्या कपाटात एक कॅसेट सापडली. 'बी' बाजूवर सगळी 'निर्वाणा' या अमेरिकन रॉक बँडची गाणी, कव्हरच्या आत त्याच्या हातची यादी. लावली, तर दुसऱ्याच गाण्यात फीत तुटली. भाचा ड्रम्स शिकतो, त्याला बाबांनी भरलेली गाणी जशीच्या तशी ऐकायची आहेत. म्हणून कोणतं गाणं कुठलं, ते शोधते आहे.

आधी वाटलं, सगळी 'इन्सेस्टिसाइड'मधलीच असणार. डिसेंबर १९९२ चा हा संग्रह, पंधरा गाण्यांचा: जुनी सिंगल्स, कव्हर्स, बीबीसीसाठी वाजवलेली गाणी, न वापरलेली रेकॉर्डिंग्ज. कॅसेटच्या शेवटची पाच (बीझवॅक्स, डाउनर, मेक्सिकन सीफूड, हेअरस्प्रे क्वीन, एरो झेपेलिन) त्यातली नक्की आहेत. ती जानेवारी १९८८ मध्ये सिॲटलला निर्माता जॅक एंडिनोने रेकॉर्ड केली, ड्रम्सवर मेल्विन्स बँडचा डेल क्रोव्हर. भाच्याला तर ही पाचच पुरली असती!

अडलंय ते सुरुवातीला. तिथे 'टर्नअराउंड' (मूळ डीवो बँडचं), 'सन ऑफ अ गन' आणि 'मॉलीज लिप्स' (दोन्ही व्हॅसलिन्स बँडची) आहेत. ही तिन्ही कव्हर्स ऑक्टोबर १९९० मध्ये बीबीसी रेडिओवरच्या जॉन पीलच्या कार्यक्रमासाठी वाजवलेली, ड्रमर डेव्ह ग्रोल नुकताच बँडमध्ये आला होता तेव्हाची. त्याच दिवशी वायपर्स बँडचं 'डी-सेव्हन'ही वाजवलं होतं. दादाच्या यादीत ते आहे, संग्रहात मात्र नाही. मग त्यानं ते कुठून घेतलं? आणि यादीतलं 'ॲन्युरिझम' कोणतं धरू, बीबीसीचं की स्टुडिओतलं? फीत जोडता येईल का?

प्रतिसाद

ताई, फीत जोडता येते, पण साधी चिकटपट्टी अजिबात वापरू नका. तिचा डिंक सुटून प्लेअरच्या हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) लागतो. फीत जोडायची खास पट्टी मिळते. तुटलेली टोकं तिरकी कापा, एकमेकांना भिडवा आणि पट्टी मागच्या बाजूनं लावा, हेडला लागते त्या बाजूनं नको. लगेच डिजिटल करून ठेवा.

'डी-सेव्हन' दोन ठिकाणी तेव्हाच आलं होतं. एक, 'लिथियम'ची ब्रिटनमधली सीडी सिंगल. दुसरं 'हॉर्मोनिंग', १९९२ मध्ये फक्त जपान आणि ऑस्ट्रेलियात निघालेली सहा गाण्यांची ईपी, म्हणजे छोटा अल्बम. तिच्यात तुम्ही म्हणता ती तिन्ही कव्हर्स आहेतच, शिवाय स्टुडिओतलं 'ॲन्युरिझम' आणि 'इव्हन इन हिज यूथ'. हे शेवटचं 'इन्सेस्टिसाइड'मध्ये नाही. क्रम असा: टर्नअराउंड, ॲन्युरिझम, डी-सेव्हन, सन ऑफ अ गन, इव्हन इन हिज यूथ, मॉलीज लिप्स. यादी पुन्हा एकदा बघाल का?

धागाकर्ती

आत्ता भिंग घेऊन बसले. क्रम अगदी हाच आहे. पाचव्या ओळीवर पाणी पडून शाई पसरली आहे, म्हणून मी ती सोडूनच दिली होती. शेवटचा शब्द 'यूथ' आहे.

दादाचा एक मित्र त्या वर्षांत जपानला नोकरीला होता, सुट्टीत आला की आमच्याकडेच उतरायचा. त्याला आज संध्याकाळी फोन करते.