'एक्सचेकर'मधला 'चेक' कुठला?

प्रश्न: ब्रिटनचा अर्थमंत्री 'चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर'. यातला 'चेक' बँकेचाच का?

उत्तर १: नाही. जुन्या फ्रेंचमध्ये 'एस्चेकिएर' म्हणजे बुद्धिबळाचा पट. मुळाशी फारसी 'शाह', म्हणजे राजा. बाराव्या शतकात इंग्लंडमध्ये शेरीफांच्या (राजाच्या जिल्हा अधिकाऱ्यांच्या) वसुलीचा हिशेब पटासारख्या रेघा आखलेल्या कापडावर सोंगट्या मांडून होई. मेज 10 बाय 5 फूट, सोंगट्या घरंगळू नयेत म्हणून चार बोटं उंच कड. उजवीकडून रकाने: पेन्स, शिलिंग, पौंड, मग वीस-वीस पौंड. वर येणं असलेली रक्कम, खाली भरणा; फरक सोंगट्यांतूनच दिसे. रोमन आकड्यांत वजाबाकी कोण करणार!

उत्तर २: 'एक्स' मात्र उपरा. 'एस्' म्हणजे लॅटिन 'एक्स' असं समजून घुसडलेला. बँकेच्या चेकचं ब्रिटिश स्पेलिंग 'cheque'ही याच्याच प्रभावातून आलं.

प्रश्नकर्ता: म्हणजे आपला 'शह'ही त्याच घरातला!