रविवारचा बेत: पेनांगचा आंबट लक्सा

अश्विनी (सी-३०४): मुलांना उद्या नूडल्सचा बोल हवाय, भरपूर सूप आणि मासळी घातलेला. कोळंबी मिळाली नाही, पण बांगडे छान ताजे मिळाले. सॉसच्या बाटल्या न आणता तासाभरात काही होईल का?

विद्याकाकू (ए-१०२): बांगडे आहेत ना? मग पेनांगचा लक्सा कर. तिथे तो केंबुंग नावाच्या माशाचा करतात, म्हणजे आपल्या बांगड्याच्याच कुळातला. आम्ही मलेशियात राहायचो तेव्हा केक लोक सी देवळाच्या पायथ्याशी, एअर इटामला जाऊन खायचो.

समीर (बी-२०३): काकू, लक्सा नारळाच्या दुधातला असतो ना? मी सिंगापूरला कातोंगमध्ये खाल्लाय. नूडल्स कापूनच घालतात, नुसत्या चमच्याने खाता येतो.

विद्याकाकू (ए-१०२): तोही लक्साच, पण वेगळा. पेनांगच्यात नारळ नाही, वाटण परतायचंही नाही. आंबट, तिखट आणि माशाच्या चवीचा पातळ रस्सा. सगळा जीव त्या रश्शात, म्हणून वेळ तिथेच द्यायचा.
अश्विनी, चौघांना ४ बांगडे. पोट आणि कल्ले नीट साफ कर, डोकी ठेव. दीड लिटर पाण्यात दहा मिनिटं उकडून बाहेर काढ आणि मांस सोडव. डोकी आणि काटे त्याच पाण्यात टाकून आणखी पंधरा मिनिटं उकळव, मग बारीक गाळणीतून दोनदा गाळ.
तोवर वाटण: भिजवलेल्या ८-१० ब्याडगी मिरच्या, दोन कांदे, हळद, आल्याचा तुकडा, गवती चहाच्या बुडाचा पांढरा भाग. ते लोक यात बेलाचान घालतात, कोळंबीची आंबवलेली वडी. तू चमचाभर जवळा भाजून वाटणात घे.
वाटण गाळलेल्या पाण्यात घालून पंधरा मिनिटं उकळ. चिंचेचा कोळ, मीठ, किंचित गूळ आणि शेवटी मांस.

रेश्मा (ए-५०१): आमचा आरव उद्या तुमच्याकडेच जेवणार आहे. त्याला कोळंबीची ॲलर्जी आहे, त्याला जवळाही चालत नाही.

अश्विनी (सी-३०४): बरं झालं सांगितलंस. जवळा घालतच नाही, पाटा-मिक्सरलाही लावत नाही.

विद्याकाकू (ए-१०२): नको घालूस. डोक्यांचा रस्सा जरा जास्त आटव, चव भरून निघेल. आणि मुलांसाठी मांस बोटांनी दोनदा चाचपून बघ. बांगड्याचा बारीक काटा रश्शात दिसत नाही. या बाबतीत घाई नको.

नाडकर्णी काका (बी-१०१): चिंचेबरोबर ४-५ आमसुलं टाका. तिकडे आंबटपणाला आसाम गेलुगोर नावाच्या आंबट फळाच्या चकत्या घालतात. ते झाड आणि आपलं कोकम एकाच गार्सिनिया कुळातले. रंग थोडा काळपट येईल, पण बांगड्याला आमसूल लागतंच.

समीर (बी-२०३): नूडल्स कुठल्या? घरी मैद्याच्या पाकीटवाल्या आहेत.

विद्याकाकू (ए-१०२): त्या नकोत, रश्शात पिठूळ होतात. तांदळाच्या घ्या. बारीक असतील तर उकळायच्या नाहीत, कढत पाण्यात ८-१० मिनिटं झाकून ठेवायच्या, निथळून वर गार पाणी. रश्शात आधी घालून ठेवू नका. सगळा रस्सा पिऊन टाकतात आणि मग खाली लगदा उरतो. बोलमध्ये नूडल्स, वरून उकळता रस्सा, लगेच पानावर.

सुलभाताई (सी-१०२): शिरवाळ्यांचा साचा आहे माझ्याकडे. ताज्या पाडल्या तर?

विद्याकाकू (ए-१०२): सुलभा, मग तर विचारूच नकोस! फक्त जरा जाड पाडा. वरून काकडी, कच्चा कांदा, अननस यांच्या लांब बारीक चिरी आणि मूठभर पुदिना. अननस वगळू नका. आंबट रश्शात गोड तुकडा आला की मुलं बोल रिकामा करतात.

अश्विनी (सी-३०४): सुलभाताई, सकाळी साचा न्यायला येते. सगळं आहे, फक्त गवती चहा नाही. कुणाकडे?

नाडकर्णी काका (बी-१०१): आमच्या खिडकीखालच्या वाफ्यात भरपूर आहे. नुसती पाती नेऊ नकोस, जमिनीलगत काप म्हणजे पांढरं बूड मिळेल. मूळ तेवढं राहू दे.