रॉकेटचं इंजिन छापायचं की घडवायचं?

धूमकेतू_७७ : ९ मे २०२४ला इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं पीएस४ इंजिन थ्रीडी प्रिंट करून ६६५ सेकंद चालवून दाखवलं. आधी १४ सुटे भाग जोडावे लागत, आता एकसंध. १९ वेल्ड गेले. फोर्जिंग (ठोकून घडवलेला धातू) आणि पत्रा मिळून ५६५ किलो माल लागायचा, तिथे १३.७ किलो धातूची पावडर! आता इंजिन जुन्या पद्धतीने बनवणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. कुणाला पटत नाही?

शॉपफ्लोअर_काका : मला नाही पटत. तीस वर्षं वेल्डिंगमध्ये काढली. वेल्ड गेला म्हणून दोष जात नाही. वेल्डचा दोष कुठे शोधायचा ते माहीत असतं. एक्स-रे काढला की कळतो. पावडर लेसरने थरावर थर वितळवत चढवलेल्या जॉबमध्ये बारीक पोकळी कुठे राहील, सांगा बरं? म्हणजे अख्ख्या नगाचा सीटी स्कॅन आला. कूलिंग चॅनेलमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या, भिंतीतल्या बारीक वाटांमध्ये) अडकलेली पावडर काढायची, तो ताप वेगळाच. आणि कापकामात निघालेल्या धातूच्या चिप्स भंगारात विकल्या जातात हो, ५६५ किलो काही हवेत जात नाहीत.

धूमकेतू_७७ : काका, चॅनेलचं नाव काढलंत ते बरं झालं! भिंतीत खाचा पाडायच्या, मग वरून झाकण ब्रेझ करायचं (दुसरा धातू वितळवून जोडायचं), हा सगळा खटाटोप छपाईत वाचतो. अग्निकुल या खासगी कंपनीने ३० मे २०२४ला श्रीहरिकोट्याहून एकसंध छापलेल्या इंजिनावर अग्निबाण रॉकेट उडवलंच की.

नारळफोड्या : एका उड्डाणावर नाचू नका राव. (नारळ मीही फोडला होता, नावाला जागून.) रिलेटिव्हिटी या अमेरिकी कंपनीचं टेरन १ रॉकेट आठवतंय? वजनाने ८५ टक्के छापलेलं. मार्च २०२३मध्ये उडालं, हवेच्या सर्वाधिक दाबाचा क्षणही पार केला, म्हणजे छापलेला सांगाडा टिकला. नंतर दुसऱ्या टप्प्याच्या इंजिनाने दगा दिला. पण खरी गोष्ट पुढे आहे : पुढच्या टेरन आर रॉकेटच्या टाक्यांच्या सरळ नळकांड्यांसाठी तीच कंपनी साध्या अ‍ॅल्युमिनियमकडे वळली. वळवलेल्या पत्र्याने भागतं तिथे छापत कशाला बसायचं?

धूमकेतू_७७ : टाकीचं मान्य. मी इंजिनाबद्दल बोलतोय.

शॉपफ्लोअर_काका : मग इंजिनाचंच सांगा. वेल्ड बिघडला तर तेवढाच खरवडून पुन्हा भरतो आम्ही. शेवटच्या थराला लेसर अडखळला तर?

धूमकेतू_७७ : अख्खा नग भंगारात, कबूल. पण उत्पादनाचा वेळ ६० टक्क्यांनी घटलाय, दुसरा छापू.

शॉपफ्लोअर_काका : छापा की. त्या ६० टक्क्यांत स्कॅनिंगचा वेळ धरलाय का, तेवढं बघून सांगा.