कपाटात आलेली चार गीतारहस्ये

(बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका अपार्टमेंटचा व्हॉट्सअॅप ग्रुप. शनिवार संध्याकाळ. नळाला पाणी यायचं होतं, म्हणून सगळे घरातच अडकलेले.)

ए-४ सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार. तळमजल्यावरच्या कपाटात लायब्ररी करायची ठरली होती, त्यासाठी पुस्तकं यायला लागलीत. आभार. पण गीतारहस्य चार आलीत. चारही कोरी करकरीत. कृपया आणखी गीतारहस्य देऊ नये.

सी-१ वहिनी: एक आमचं. सासऱ्यांना रिटायरमेंटला मिळालेलं.

बी-४ काका: एक आमचंबी. वक्तृत्व स्पर्धेत पहिला आलो होतो तेव्हाचं बक्षीस. विषय होता लोकमान्य.

ए-१ आजी: मग वाचला असशील की रे.

बी-४ काका: आजी, भाषण करायला वाचाय कशाला लागतंय?

बी-२ सर: टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात हे पुस्तक पाच महिन्यांत लिहून काढलं, १९१०-११ च्या थंडीत, शिसपेन्सिलीनं. १९१५ ला छापून आलं. आपल्याला ११० वर्षांत वाचून होईना. आणि राहतो टिळकवाडीत!

सी-१ वहिनी: टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली ती पण बेळगावातच ना सर? १९१६ ला. पुस्तक तेव्हा ताजं होतं. त्या वेळच्या बेळगावकरांनी तरी वाचलं असेल.

बी-४ काका: त्यांनी भाषण ऐकलं असणार ओ.

बी-२ सर: एक खेळ सुचवतो. डेव्हिड लॉजच्या 'चेंजिंग प्लेसेस' या १९७५ च्या कादंबरीत आहे. आपण न वाचलेलं एक प्रसिद्ध पुस्तक सांगायचं. ज्यांनी ते वाचलंय त्यांनी अंगठा द्यायचा. जितके अंगठे तितके गुण. म्हणजे जितकी लाज जास्त तितके गुण जास्त. कादंबरीत इंग्रजीचा एक प्राध्यापक 'हॅम्लेट' वाचलं नाही म्हणून सांगतो. खेळ जिंकतो, नोकरी घालवून बसतो.

बी-४ काका: आपल्या कुणाची जायची नाही. निम्मे रिटायर, निम्म्यांची दुकानं.

ए-४ सेक्रेटरी: खेळ चालेल, पण पाणी आल्याचा मेसेज मधे चुकायला नको.

बी-४ काका: मी चालू करतो. गीतारहस्य.

[अर्धा अंगठा. तो सी-३ हुबळीवाल्यांचा. पहिल्या प्रकरणानंतर सोडलं म्हणाले. अर्धा अंगठा कसा मोजायचा यावर बराच वाद झाला, तो इथं देत नाही.]

बी-२ सर: खेळाची खोड इथंच आहे बघा. कुणीच वाचलं नसलं की गुण मिळत नाहीत. घरोघरी कपाटात आहे, पण खेळात किंमत शून्य.

सी-१ वहिनी: माझी ज्ञानेश्वरी. कडोलीच्या संमेलनात ग्रंथदिंडीला डोक्यावर घेऊन सगळं गाव फिरलेय. आत उघडलेली नाही.

बी-४ काका: येळ्ळूर, उचगाव, सगळीकडच्या दिंडीत तेच. पालखीत ग्रंथ, लोकांचं लक्ष जेवणाकडे.

सी-१ वहिनी: झुणका-भाकरी असते तिथं. नाव ठेवू नका!

[ज्ञानेश्वरीला तीन अंगठे. त्यातला एक आजींचा. तो त्यांनी मग काढून घेतला.]

ए-१ आजी: पारायण दरवर्षी करते मी. अठरा अध्याय. पण आठव्याच्या पुढं डोळे ओळीवर आणि डोकं गॅसवर ठेवलेल्या दुधावर. ते वाचलं म्हणू काय? नको बाई. ज्ञानोबांच्या बाबतीत खोटं नको.

बी-२ सर: आजी, तुम्ही या खेळात बसणार नाही.

ए-४ सेक्रेटरी: मी सांगतो. हसायचं नाही. मृत्युंजय.

[अंगठे तेरा. एका मिनिटात.]

सी-१ वहिनी: अय्योऽऽ!

बी-४ काका: सेक्रेटरीसाहेब, काय सांगालाय काय?

ए-२ पुण्याच्या वहिनी: एक मिनिट. आमच्या रिसेप्शनला तुम्ही मृत्युंजयच दिलं होतं ना? पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात लिहिलंय, 'अवश्य वाचा, आयुष्य बदलेल.'

सी-१ वहिनी: आमच्या पुतणीलाबी तेच. मजकूरबी तोच!

ए-४ सेक्रेटरी: जाड आहे, भरीव दिसतंय, आणि मृत्युंजयला कुणी नाव ठेवत नाही. कर्णाची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. म्हटलं शिवाजी सावंतांनी काय वेगळी लिहिली असणार.

ए-१ आजी: वेगळी लिहिलीय. १९६७ ला आलं तेव्हा आमच्या वाड्यात एक प्रत आणि वाचणाऱ्या पाच जणी. पान दुमडायचं नाही, असा नियम होता.

सी-३ हुबळीवाले: माझं ययाति लिहा. खांडेकरांचं. ज्ञानपीठ मिळालं होतं १९७४ ला, तेवढं माहीत आहे. मी कर्नाडांचं बघितलं, नाटक. ते कन्नड, १९६१ चं. खांडेकरांची कादंबरी त्याच्या आधी दोनच वर्षं. एकाच राजाची गोष्ट, बॉर्डरच्या दोन्ही बाजूला.

[सात अंगठे.]

सी-३ हुबळीवाले: अजून एक हाय री. मंकुतिम्मन कग्ग.

[अंगठे नाहीत. कुणालाच काही कळलं नाही.]

बी-४ काका: हे काय ओ? खायचं काय?

सी-३ हुबळीवाले: डी. व्ही. गुंडप्पा, १९४३. चार-चार ओळींची ९४५ पदं. आमच्याकडं रिटायरमेंट असो, बारसं असो, भाषण करणारा कग्ग म्हणल्याशिवाय खाली बसत नाही. मला चार पदं पाठ. बँकेत सगळे निरोप समारंभ त्या चारावरच काढलेत. पुस्तक हातात धरलेलं नाही.

बी-२ सर: हाच खेळ तुम्ही हुबळीत खेळला असता तर सेक्रेटरींना हरवला असता.

सी-३ हुबळीवाले: इथं शून्य! त्याच हायवेनं दीड तास गाडी चालवली की माझी लाज बदलते.

सी-१ वहिनी: आणि आमची तिकडं गेली की संपते. धारवाडात मृत्युंजय वाचलं नाही म्हटलं तर कोण विचारणार?

सी-३ हुबळीवाले: असं पण नाही हां. धारवाडचे बेंद्रे मूळचे मराठीच. ज्ञानपीठ मिळालं ते कन्नडात, १९७३ ला, 'नाकुतंती'ला. तेही मी वाचलेलं नाही, आता विचारू नका.

बी-२ सर: माझी पाळी. कोसला.

ए-२ पुण्याच्या वहिनी: सर??

बी-२ सर: १९६३ ला आली तेव्हा शाळेत होतो. कॉलेजात गेलो तर अर्धा वर्ग त्यातल्या पांडुरंग सांगवीकरासारखा बोलत होता. इतकं ऐकलं की वाचायची गरजच वाटली नाही. पुढं चर्चासत्रांतही बोललो त्यावर. कुणी हटकलं नाही. हटकणाऱ्यांनी तरी वाचली होती का, अशी मला शंका आहे.

[चार अंगठे.]

बी-३ धाकटी: मी लिहू का? मी यातलं काहीच नाही वाचलं. इंग्लिश मीडियम. मराठी वाचता येतं, पण एका पानाला दहा मिनिटं लागतात. स्वामी मात्र मोबाइलवर पूर्ण ऐकलंय. कॉलेजला बसनं जाता-येता. ते वाचलं म्हणायचं का?

बी-४ काका: नाही. ऐकणं वेगळं.

सी-१ वहिनी: का म्हणून वेगळं? आमचं कीर्तन ऐकूनच गेलं आयुष्य.

बी-४ काका: आणि स्वामी आपलंच की. रणजित देसाई कोवाडचे. कोवाड किती लांब? चंदगडच्या वाटेवर. बाजारला जातोय आम्ही.

ए-१ आजी: बाजारला जातोस, पुस्तक वाचलंस काय?

बी-४ काका: [संदेश डिलीट केला]

बी-२ सर: धाकटीच्या प्रश्नाला उत्तर देतो. उमा कुलकर्णींचं नाव ऐकलं असेल. बेळगावच्याच. भैरप्पांचं 'पर्व' आपण मराठीत वाचतो ते त्यांच्यामुळं. त्यांचे यजमान विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून टेप करायचे, आणि त्या ऐकून मराठीत लिहायच्या. एवढा थोरला ग्रंथ कानातून उतरलाय. आता सांगा त्यांना, तुम्ही वाचलं नाहीत म्हणून.

बी-४ काका: बरं. धाकटीला पूर्ण अंगठा द्या.

सी-१ वहिनी: मग आता पुलंचे रावसाहेब. कुणी वाचलेत? 'गणगोत' पुस्तकात. कॅसेट नाही हां. छापलेलं.

[इथं नऊ जण टाइप करत असलेले दिसले. आलं कुणाचंच नाही.]

बी-२ सर: पुलं इथल्या आरपीडी कॉलेजात शिकवत होते. रावसाहेबांची नक्कल या ग्रुपवरचा प्रत्येक पुरुष करतो, काही बायका जास्त चांगली करतात. आणि पुस्तक?

ए-४ सेक्रेटरी: कॅसेट धरली तर माझे शंभर वेळा झालेत.

सी-१ वहिनी: इंदिरा संत? 'गवतफुला' सोडून. ती शाळेतली झाली.

ए-१ आजी: 'गर्भरेशीम' आहे माझ्याकडं. अकादमीचं बक्षीस मिळालेलं. तेवढं खरं वाचलंय, घे अंगठा.

बी-३ धाकटी: लंपन त्यांच्याच मुलानं लिहिलाय ना? मी सिरीज बघितली, २०२४ ला आलेली. फार गोड आहे.

बी-२ सर: प्रकाश संत. लंपनची पुस्तकं चार: 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. चारपैकी एक तरी कुणी?

ए-२ पुण्याच्या वहिनी: लग्न होऊन इथं आले तेव्हा नणंदेनं 'वनवास' दिलं होतं, आमचं गाव कळेल म्हणून. मधेच कन्नड येतं, विचारायला लाज वाटली आणि ठेवून दिलं. तेव्हा भाजीवालीचंही कळत नव्हतं मला. आता कळतं, पण पुस्तक राहिलंच.

सी-३ हुबळीवाले: कन्नड शब्द मी सांगतो की! मराठी मात्र मला ऐकायला बरं पडतं, वाचायला त्रास होतो.

बी-३ धाकटी: मला पण!! सी-१ काकू, तुम्ही वाचून दाखवा ना. रोज थोडं. तुमचा आवाज छान आहे.

सी-१ वहिनी: भांडी व्हायचीत अजून.

ए-२ पुण्याच्या वहिनी: पुस्तक पाठवते खाली. बघा हं वहिनी, अडलं तर हुबळीचे काका आहेत.

[वीस मिनिटं शांत.]

सी-१ वहिनी: [व्हॉइस मेसेज, ६:४०]

ए-१ आजी: आवाज मोठा कर बाई. कुकरच जास्त ऐकू येतोय.

सी-३ हुबळीवाले: छान री. दुसऱ्या मिनिटाला कन्नड शब्द चुकीचा म्हटला. बरोबर उच्चार पाठवतो. [व्हॉइस मेसेज, ०:०९]

बी-३ धाकटी: पुढचं कधी?

बी-४ काका: मी पहिल्यापासून ऐकालोय. जरा सावकाश वाचा ओ.

ए-४ सेक्रेटरी: विनंती. हे वाचन वेगळा ग्रुप काढून करावं. इथं फक्त पाणी आणि मेंटेनन्स. मलाही त्यात घ्या. आणि पाणी येऊन अर्धा तास झालाय, वरच्या टाकीची मोटर कुणी चालू केली काय?