मदत हवी आहे: कमी वेगावर पंखा नेमकी किती हवा ओढतो?

कार्यशाळेतली हवा बाहेर टाकायला वेग कमी-जास्त करता येणारा पंखा बसवला आहे. डक्टचा आतला व्यास १५० मिमी, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ०.०१७७ चौरस मीटर. पूर्ण वेगाला, २५०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे), हवेचा वेग मोजणाऱ्या अ‍ॅनिमोमीटरने सरासरी ४ मीटर प्रति सेकंद वेग आला. म्हणजे ताशी सुमारे २५५ घनमीटर हवा. (पंख्यावर ४०० लिहिलंय, पण तो आकडा डक्ट न जोडता मोजलेला असणार.)

हवेचं प्रमाण आरपीएमच्या प्रमाणात बदलतं, दाब वर्गाच्या आणि वीज घनाच्या, हे माहीत आहे. त्या हिशेबाने १२५० आरपीएमला २ मीटर यायला हवेत, पण येतात १.६ च. आरपीएम टॅकोमीटरने मोजले आहेत, रेग्युलेटरच्या आकड्यावर विसंबलेलो नाही.

बाहेरच्या टोकाला पंख्याच्या हवेच्या जोराने उघडणारी झडप आहे. कमी वेगाला ती अर्धवटच उघडत असेल, तर हा नियम लागू पडणार नाही ना? की इतक्या कमी वेगाला अ‍ॅनिमोमीटरच्या पात्यांचं घर्षण आडवं येतंय? आत सोल्डरिंगचा धूर असतो, त्यामुळे अंदाजावर सोडवत नाही. प्रत्येक वेगाला वेगळं मोजावं, की डक्टमधल्या दाबावरून काढता येईल?