डाळ मिलमधल्या माणसांचं कौतुक करायचंय, दिवाळीचा डबा सोडून काय सुचवाल?

तूरडाळ_जळगाव

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत आमची डाळ मिल आहे. वडिलांनी उभी केली, आता रोजचं मी बघतो. हजेरीवर 18 माणसं (मशीनवाले, फिटर, काट्यावरचा, ड्रायव्हर), माल निवडायला रोजंदारीच्या 12 बाया आणि गाड्या भरायला-उतरवायला 8 जणांची हमाल टोळी.

नवी तूर सुरू झाली की मार्चअखेरपर्यंत आमच्याकडे मान वर करायला फुरसत नसते. यंदा ऐन हंगामात सॉर्टेक्स (खराब दाणे वेगळे काढणारं मशीन) बंद पडलं. कंपनीचा माणूस यायला वेळ होता. आमचा ऑपरेटर आणि फिटर दोघांनी फोनवर विचारत विचारत रात्रीतून ते चालू केलं, आणि तोवर बायांनी हाताने माल निवडून दिला. दोन पार्ट्यांच्या गाड्या वेळेवर सुटल्या त्या या लोकांमुळे.

वडिलांची पद्धत ठरलेली. दिवाळीला बोनस, किलोभर मिठाई आणि स्टीलचा डबा. माणसांच्या घरी आता डब्यांची उतरंड झाली असेल. मला आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी काहीतरी वेगळं करायचंय. बजेट 60 हजारांच्या आसपास. पुण्यातल्या एका मित्राने सुचवलं: लोगोवाले टी-शर्ट, 'महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी' म्हणून फोटोचा बोर्ड, आणि दरवर्षी मार्चच्या पहिल्या शुक्रवारी 'एम्प्लॉयी अप्रिसिएशन डे'. तुमच्याकडे काय चालतं ते सांगा. पुस्तकी नको, केलेलं सांगा.

सातपुडा_शहादा

मार्चचा पहिला शुक्रवार अमेरिकेतून आलेला आहे, तिकडेच बरा. आमच्या कापसाच्या जिनिंगवर निम्मी माणसं धडगाव-अक्कलकुव्याकडची, पावरा आणि भिल्ल. मार्चमध्ये होळी असली की आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार, मग काठी गावची होळी, मग गावोगावच्या होळ्या. त्या दिवसांत तुम्ही केक कापा नाहीतर हार घाला, बघायला माणूस जाग्यावर नसतो.

आम्ही उलटं केलं. होळीची सुट्टी आधीच कॅलेंडरवर लाल करून टाकली आणि होळीची उचल मागायच्या आधी हातात ठेवली. पूर्वी माणूस मुकादमाच्या मागे, मुकादम दिवाणजीच्या मागे, दिवाणजी शेठच्या मागे. सण तोंडावर आला तरी 'उद्या बघू'. पैसे तेच होते, पण मागायला लावून दिलेल्या पैशात कौतुक कसलं? होळीनंतर परत येणाऱ्यांची संख्या तेव्हापासून वाढली एवढं नक्की सांगतो.

चटई_कामगार

शेठ, मी मालक नाही, चटईच्या कारखान्यात पाळीवर आहे. म्हणून खालच्या बाजूने सांगतो.

फोटोचा बोर्ड लावू नका. आमच्याकडे लावला होता. पहिल्या महिन्यात मुकादम, दुसऱ्या महिन्यात मुकादमाचा भाचा, तिसऱ्या महिन्यात मुकादमाच्या गावचा. कोणीतरी खडूने खाली लिहिलं, 'काम आम्हनं, फोटो मुकादमना'. मग बोर्डच गेला.

टी-शर्ट घातला जातो, पण घरी झोपताना. जाडजूड कापडाचा आणि गळ्याशी घट्ट असेल तर एप्रिल-मेच्या जळगावात तोही नाही.

माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पुढच्या आठवड्याची पाळी शनिवारी सांगणे. आमच्याकडे एक नवीन सुपरवायझर आला, त्याने फक्त एवढंच केलं. कागद लावायचा शनिवारी दुपारी. बायकोच्या माहेरचं लग्न असो की पोराला दवाखान्यात न्यायचं असो, आम्हाला ठरवता येऊ लागलं. त्याला काही खर्च आला नाही.

सल्लागार_धुळे

माझा रोजचा धंदा लेबर कायद्याचा, म्हणून आधी कोरडं बोलतो, राग मानू नका.

देणं वेगळं आणि कौतुक वेगळं. बोनस हा मालकाचा मोठेपणा नाही. 20 किंवा जास्त माणसं असतील तर ठरलेल्या वेतनमर्यादेतल्यांना किमान 8.33 टक्के द्यावाच लागतो, कमाल 20 टक्के. वर्षात निदान 30 दिवस काम केलेला माणूस त्याला पात्र असतो. तेव्हा दादा, तुमच्या त्या 12 बायांना 'रोजंदारीच्या' म्हणून फक्त मिठाई मिळत असेल तर आधी ते बघा. हंगामात रात्री थांबलेल्यांना जादा कामाचा दर दुप्पट, तोही कायदाच. हे बाकी असताना टी-शर्ट वाटलात तर लोक तोंडावर हसणार नाहीत, मागे हसतील.

एक कामाचं सांगतो, बऱ्याच मालकांना ते सुचत नाही. जून आणि डिसेंबरमध्ये पगारातून कामगार कल्याण निधीची वर्गणी कापता ना? ती महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे जाते. मंडळ कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती देतं, पाठ्यपुस्तकांना मदत करतं, आणि गुणवंत कामगार पुरस्कारही देतं. आमच्या भागातल्या कामगारांना वर्गणी कापली जाते हे माहीत असतं, बदल्यात काय मिळतं ते माहीत नसतं. ऑफिसातल्या एखाद्या पोराला बसवून प्रत्येकाच्या मुलांचे अर्ज भरून द्या. मुलीच्या खात्यात शिष्यवृत्ती आली की तुमचं नाव त्या घरात निघेल, आणि तुमच्या 60 हजारातला एक रुपयाही लागणार नाही.

तूरडाळ_जळगाव

दादा, राग कशाला. हजेरीवाल्यांचा बोनस नियमाने जातो. बायांना आम्ही 'बक्षीस' म्हणून ठोक रक्कम देतो, ती 8.33 टक्क्यांत बसते का ते मुनीमजींना आजच काढायला सांगितलं. मंडळाचं खरंच डोक्यात नव्हतं. हमालांचं काय करू? ते आमच्या हजेरीवर नाहीत.

सल्लागार_धुळे

टोळी माथाडी मंडळात नोंदलेली असेल तर त्यांची मजुरी मंडळामार्फत जाते, बोनस आणि भविष्यनिर्वाह निधी तुम्ही भरता त्या लेव्हीतून. कायद्याची बाजू तिथे झाली. पण कौतुकात त्यांना वगळू नका. 18 जणांना पाकीट आणि गेटवर बसलेले 8 जण ते बघतायत, असं दृश्य मी पाहिलेलं आहे. वॉचमनचंही तेच. एजन्सीचा असतो, म्हणून कोणाच्याच यादीत नसतो.

पॅकहाउस_सावदा

मी केळीच्या पॅकहाउसवर बायांचं काम बघते, म्हणून फक्त बायांपुरतं बोलते.

भाऊ, एकाच रंगाच्या बारा साड्या आणू नका. हे लिहायची वेळ आली कारण प्रत्येक मालकाला शेवटी तेच सुचतं. गठ्ठ्याने स्वस्त पडतात हे आम्हालाही कळतं. त्या साड्या पुढे लग्नात आहेर म्हणून फिरतात, कधी कधी फिरून आमच्याच घरी येतात.

तुम्ही स्वतःच आखाजीचं नाव काढलंत ते बरं झालं. आखाजीला लेकी माहेरी जातात, गौराई असते, झोके असतात. कामावरच्या बाईला मात्र दोन दिवस गेले तर दोन दिवसांचा रोज बुडतो. म्हणून ती एक तर जात नाही, नाहीतर सकाळी जाऊन संध्याकाळी परत. तुमच्या हंगामाचा जोर तोवर ओसरलेला असतो. तीन दिवस भरपगारी द्या आणि निघायच्या आदल्या दिवशी रोज हातात द्या. बारा बायांचे तीन रोज म्हणजे असा किती आकडा होतो? साड्यांपेक्षा फार नसेल. सासू-नवऱ्यालाही काही बोलायला जागा राहत नाही, कारण पैसे बुडत नाहीत. आमच्याकडे हे सुरू झालं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, लग्नानंतर पहिल्यांदा मी झोका उतरवेपर्यंत माहेरी राहिले.

दुसरं, थोडं अवघड आहे पण लिहितेच. बायांसाठी वेगळं, आतून कडी लागणारं, पाणी असलेलं संडास-बाथरूम आहे का? नसेल तर सगळे 60 हजार तिथेच घाला. ती तुमची कायद्याने जबाबदारीच आहे, धुळ्याचे दादा सांगतील. पण आमच्या बाजूने विचाराल तर त्याच्यापुढे कुठलंही पाकीट फिकं.

सल्लागार_धुळे

ताईंचं बरोबर आहे. ते 'देणं' या खात्यात येतं. बजेट वेगळं काढा.

भुसावळ_निवृत्त

रेल्वेत नोकरी झाली. आमच्या वेळी एप्रिलमध्ये रेल्वे सप्ताह असायचा. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, तिच्या आठवणीत. त्यात पुरस्कार द्यायचे. खरं सांगायचं तर बऱ्याचदा यादी पाळीपाळीने ठरायची, यंदा या शेडचा, पुढच्या वर्षी त्या शेडचा. हे सगळ्यांना माहीत असायचं आणि तरीही लोक घरचे सगळे घेऊन, इस्त्रीचे कपडे घालून यायचे.

याचं कारण मला वाटतं ते असं. काही प्रमाणपत्रांवर नुसतं 'उत्कृष्ट सेवेबद्दल' असतं. काहींवर मात्र लिहिलेलं असतं की अमुक तारखेला, अमुक गाडीत, या माणसाला चाकाचा तापलेला आस दिसला आणि त्याने गाडी थांबवली. पहिल्या प्रकारची कपाटात जातात. दुसऱ्या प्रकारची भिंतीवर लागतात आणि नातवाला वाचून दाखवली जातात. तुमच्याकडे तर आयतं आहे: सॉर्टेक्स बंद पडलं ती तारीख, त्या दोघांनी काय केलं, बायांनी किती कट्टे हाताने निवडले. हे मराठीत, साध्या चार ओळीत लिहा. खाली तुमच्या वडिलांची सही घ्या, तुमची नको. माणसं त्यांच्या हाताखाली वाढली आहेत.

स्पष्टवक्ता_चोपडा

सगळं गोड गोड चाललंय म्हणून विचारतो. पगार किती देता? आजूबाजूच्या मिलपेक्षा हजार-दोन हजार कमी असेल तर प्रमाणपत्राची सुरळी करून ठेवा. त्या फिटरने रात्रीतून मशीन चालू करून तुमचे किती वाचवले? त्यातले त्याला किती गेले? हा प्रश्न कोणीच विचारला नाही.

तूरडाळ_जळगाव

प्रश्न रास्त आहे. पगार आजूबाजूच्या बरोबरीने आहे, जास्त नाही. त्या दोघांना वेगळे पैसे द्यायचे असं माझ्या मनात आहे, पण वडील म्हणतात दोघांना दिले तर बाकीचे तोंड फुगवतील.

चटई_कामगार

बाकीच्यांना माहीत असतं शेठ कोणी काय केलं. मशीन कोणी चालू केलं हे तुमच्याआधी त्यांना कळलं असेल. तोंड फुगतं ते न केलेल्याला दिल्यावर. फक्त पाकीट गुपचूप देऊ नका. गुपचूप दिलं की दुपारपर्यंत त्याचे दहा हजार होतात.

सालदारवाला_पारोळा

शेतीवाल्याचं ऐका जरा. आपल्या खान्देशात सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं) साल आखाजीपासून आखाजीपर्यंत. त्या दिवशी जुना हिशेब मिटवायचा, नवं साल ठरवायचं, त्याला घरात बसवून जेवू घालायचं, कपडे करायचे. पोळ्याला बैलासोबत त्याचाही मान. ही रीत होती, आता सालदारच मिळत नाहीत ही गोष्ट वेगळी. आणि ती रीत सगळीच सोन्याची नव्हती, उचलीत अडकून वर्षानुवर्षं एकाच दारात राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. पण त्यातलं एक उचलण्यासारखं आहे: वर्षातून एकदा मालकाने समोर बसून 'तुझं कसं काय चाललंय, पुढच्या वर्षी काय पाहिजे' हे विचारायचं. तुमच्याकडे पगारवाढ कशी होते? पाकिटात वाढलेला आकडा दिसतो तेव्हा कळते, की बसून बोलता?

माझा सल्ला: आखाजीच्या आठवड्यात प्रत्येकाला दहा मिनिटं द्या. बायांनाही. चहा तुम्ही मागवा. फोन बाहेर ठेवा.

पॅकहाउस_सावदा

बायांशी बोलताना घरातल्या कोणी ताई-वहिनींना बसवा. संडासाचं तुम्हाला कोणी तोंडावर सांगणार नाही.

तूरडाळ_जळगाव

वडिलांना हा सगळा धागा वाचून दाखवला. डब्यावरून जरा तणतणले, मग म्हणाले सही करतो. सध्या असं ठरतंय: बायांना आखाजीचे तीन दिवस भरपगारी. बोनसचा फरक निघाला तर तो आधी. ऑपरेटर आणि फिटरला प्रत्येकी 10 हजार, सगळ्यांसमोर, आणि काय केलं ते वाचून दाखवून. बायांनाही कागद, आणि प्रत्येकीला रोख, साडी नाही. टी-शर्ट आणि बोर्ड रद्द. बाथरूम आहे पण पाण्याची टाकी लांब आहे, प्लंबरला बोलावलंय. त्याचा खर्च यात धरलेला नाही. मंडळाचे अर्ज शाळा सुरू व्हायच्या सुमारास बघू.

राहिलेल्या पैशात सगळ्यांना घरच्यांसकट एक जेवण द्यावं असं बायकोचं म्हणणं. भरीत-पुरी करावी म्हणतो.

स्पष्टवक्ता_चोपडा

एप्रिलात भरीत? बामणोदचं वांगं थंडीतलं. आता कुठलं तरी वांगं आणून भरीत घातलंत तर हमाल टोळी पुढच्या गाड्या उतरवणार नाही.

सालदारवाला_पारोळा

वरण-बट्टी करा, वांग्याची घोटलेली भाजी लावा सोबत. आखाजीचं जेवण म्हणून हवं असेल तर आमरस आणि खापरावरचे मांडे. पण शंभर-सव्वाशे माणसांना मांडे करणाऱ्या बाया आत्तापासून सांगून ठेवाव्या लागतील. आणि काहीही करा, तुमच्याच निवडणाऱ्या बायांना चुलीपुढे बसवू नका.

सातपुडा_शहादा

जेवण दिवस मावळल्यावर ठेवा, दुपारी 44 अंशात पत्र्याच्या शेडखाली नको. हमालांना त्यांच्या मुकादमाकरवी निरोप देऊ नका, स्वतः जाऊन सांगा, नाहीतर ते गेटपाशीच थांबतील. वाढायला तुमच्या घरचे उभे राहिले तर उत्तम, पण त्याचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत एवढं घरी आधीच सांगून ठेवा.

तूरडाळ_जळगाव

वरण-बट्टी नक्की. पोरांसाठी रस ठेवतो. एमआयडीसीच्या जवळपास बट्टी चांगली करणारा आचारी कोणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माणसं सव्वाशेच्या आत.

चटई_कामगार

व्यनि केला. त्याला तूप स्वतः आणून द्या, त्याच्यावर सोडू नका.